घाटातले दिवे कुणाचे?

त्र्यंबकेश्वर मागे पडले, की मोखाड्याचा रस्ता एकटा होतो. प्रसादाची दुकाने संपतात, लॉजच्या पाट्या संपतात, आणि मग नुसते डोंगर, साग नि ऐनाची झाडे, मधूनच एखादा पाडा. तोरंगणचा घाट उतरायचा, मोखाडा गाठायचा, तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर जव्हार. पुढे विक्रमगडवरून मनोरला आले, की एकदाचा मुंबई-अहमदाबाद हमरस्ता लागतो. जव्हार सुमारे दीड हजार फूट उंचीवर आहे. मुकणे घराण्याच्या कोळी राजांचे हे संस्थान. त्यांचा जयविलास राजवाडा आणि दाभोशाचा धबधबा पाहायला पावसाळ्यात मोटारींची रीघ लागते. दिवसा हा रस्ता म्हणजे डोळ्यांचे पारणे फिटावे असा.

रात्रीची गोष्ट मात्र निराळी. यजमानांच्या बदलीमुळे आम्ही जव्हारला आलो, तेव्हा सामानाचा ट्रक लागायच्या आधीच मला तीन जणींनी बजावले होते, "रात्री त्या घाटातून येऊ नका हो!" का, म्हणून विचारले तर प्रत्येकीचे कारण वेगळे. एकीच्या दिरांना चकवा लागला होता. तासभर गाडी हाकली तरी तेच वळण पुन्हा पुन्हा येत होते म्हणे. दुसरीने अमावास्येला डोंगराच्या सोंडेवरून वेताळाची पालखी निघते, मशालींची रांगच्या रांग दिसते, असे सांगितले. तिसरीकडे पांढऱ्या साडीतली बाई होती. ही बाई आपल्याकडे प्रत्येक घाटात असते. कसाऱ्याच्या घाटात आहे, तशी इथेही. ती हात दाखवते, गाडी थांबवायची नाही, मागे वळून बघायचे नाही.

नव्या पिढीला वेताळ ठाऊक नाही. पण दिवे तिलाही दिसतातच. आमच्या वन्सं मे महिन्यात मुलाला घेऊन आल्या होत्या. हे चिरंजीव नववीत, आणि मोबाइलवर सदानकदा उडत्या तबकड्या. नाशिकहून आम्ही सगळे उशिरा निघालो होतो. घाटात समोरच्या डोंगरावर पाच-सहा दिवे एका ओळीत सरकताना दिसले मात्र, तो ओरडलाच, "मामी, यूएफओ!" वन्संनी रामरक्षा सुरू केली. आमचे ड्रायव्हर इकडचेच. त्यांनी गाडीचा वेगसुद्धा कमी केला नाही. म्हणाले, "पाण्याला चालल्यात."

त्या दोन शब्दांचा अर्थ पुढे सांगते. आधी त्या तबकड्यांचे पाहू, कारण भाच्याने घरी आल्यावर मला अमेरिकेतला एक रस्ता दाखवला आणि तो पाहून मला खरोखरच नवल वाटले.

नेवाडा नावाच्या राज्यात वाळवंटातून जाणारा ३७५ क्रमांकाचा एक रस्ता आहे. लांबी ९८ मैल, म्हणजे सुमारे १५८ किलोमीटर. वाटेत गाव म्हणावे असे एकच, रेचेल नावाचे, तेही आपल्याकडच्या एखाद्या पाड्याहून लहान. आकाशात चमत्कारिक दिवे दिसतात, परग्रहावरची याने उतरतात, अशी त्याची ख्याती इतकी झाली की १९९६ साली तिथल्या सरकारने त्या रस्त्याला परग्रहवासीयांचा महामार्ग असे अधिकृत नावच देऊन टाकले! तिथे लोक हौसेने जातात, खानावळीत जेवतात, रात्रभर आभाळाकडे डोळे लावून बसतात. पोट भरण्याची कला अमेरिकन माणसाकडून शिकावी.

त्या दिव्यांमागे काय होते, हे आता बरेचसे कळले आहे. त्या रस्त्याजवळच डोंगराआड अमेरिकन सरकारचा एक गुप्त विमानतळ आहे. १९५५ सालापासून तिथे यू-टू नावाच्या हेर-विमानाच्या चाचण्या होत. त्या काळी प्रवासी विमाने दहा-वीस हजार फुटांवरून उडायची आणि हे विमान साठ हजारांच्याही वर. खाली सूर्य मावळून अंधार झालेला असायचा, पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन. ते त्या चंदेरी पंखांवर पडले, की वैमानिकांना वर आगीचा गोळा दिसायचा. सरकारला खरे सांगता येईना, लोकांना राहवेना. मग कथा रचल्या गेल्या. असा विमानतळ तिथे आहे, हे अमेरिकेच्या हेरखात्याने आपल्या कागदपत्रांतून उघड मान्य केले ते २०१३ साली.

टेक्सासमध्ये मार्फा नावाच्या गावाजवळचे दिवेही असेच प्रसिद्ध. रात्री मैदानापलीकडे ते तरंगतात, विझतात, पुन्हा पेटतात. २००४ साली तिथल्या विद्यापीठातली पदार्थविज्ञानाची मुले चार रात्री उपकरणे घेऊन बसली. निष्कर्ष काय, तर दूरच्या हमरस्त्यावरच्या मोटारींचे दिवे! हे वाचले आणि मला आमचा घाट आठवला. दरीपलीकडच्या वळणावर एखादा ट्रक आला, की त्याचा दिवा झाडांमागे जातो, बाहेर येतो, वर चढतो. रस्ता अंधारात असल्याने दिसत नाही, आवाज वाऱ्यावर उडून जातो. दिवा अधांतरी चालल्यासारखा वाटणारच.

आपण अडाणी म्हणून आपल्याला भुते दिसतात, असेही कुणी समजू नये. २०१२ च्या ऑगस्टपासून सहा महिने लडाखच्या सरहद्दीवर आपले जवान आकाशातल्या अनोळखी दिव्यांची टेहळणी करीत होते. चीनची हेरगिरीची याने असावीत, असा संशय. तीनशेहून अधिक वेळा नोंद झाली. शेवटी बंगळूरच्या खगोलशास्त्रज्ञांना विचारले, तेव्हा कळले की एक गुरू आणि दुसरा शुक्र! उंचावरच्या स्वच्छ हवेत ग्रह फार ठळक दिसतात. शिवाय आपण गाडीत असलो, की जवळची झाडे मागे पळतात आणि दूरची चांदणी मात्र खिडकीत तशीच राहते. वाटते, ती आपल्याबरोबर धावते आहे. चंद्र आपल्यामागे येतो असे लहानपणी नव्हते का वाटत? तेच हे.

आणि कधीकधी आभाळातून खरोखरच काहीतरी येते. २०२२ सालचा गुढीपाडवा, २ एप्रिल. संध्याकाळी विदर्भात आणि आसपास लोकांनी जळते गोळे आभाळ चिरत जाताना पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे एक भलेमोठे कडे येऊन पडले, माणसाहून उंच. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असा तज्ज्ञांचा निर्वाळा. २०१९ पासून तर इंटरनेटसाठी सोडलेल्या छोट्या उपग्रहांची माळच्या माळ संध्याकाळी किंवा पहाटे आकाशातून सरकताना दिसते. नव्याने सोडलेले असले, की अगदी आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागून एक जातात. इकडे आकाश अजून काळेभोर आहे, म्हणून इकडे ते स्वच्छ दिसतात.

पण खरे सांगू का, जव्हार-मोखाड्याचे दिवे आभाळातले कमी नि जमिनीवरचेच जास्त. इथे राहून मी त्यांची ओळख करून घेतली, ती शाळेतल्या मुलांकडून. मी अर्धवेळ शिकवते. एकदा निबंधाला 'रात्रीचे गाव' असा विषय दिला आणि वह्या तपासता तपासता माझेच शिक्षण झाले.

उन्हाळ्यात डोंगरउतारावर दिसतात ते राबाचे निखारे. नागली, वरई, भात यांची रोपे जिथे करायची, ती जागा पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून भाजून घेतात. दिवसा पेटवलेला राब रात्री धुमसत राहतो, वारा आला की लाल डोळे उघडावेत तसा. पहिला पाऊस पडला, की ओढ्याकाठी नाचतात ते खेकडे आणि वलगणीचे मासे धरणाऱ्यांचे दिवे. पूर्वी चुडी पेटवून जायचे, आता बॅटरी. चैत्र-वैशाखात एखाद्या गावाकडून संबळ वाजताना ऐकू आला, मशाली दिसल्या आणि त्या उजेडात राक्षसाचे तोंड दिसले, तर घाबरू नका, तो बोहाडा. गावोगाव हा उत्सव होतो. देवादिकांचे आणि दैत्यांचे मुखवटे चढवून सोंगे रात्रभर नाचत येतात आणि शेवटी देवी महिषासुराला मारते. वेताळाची पालखी पाहिली म्हणणाऱ्यांपैकी कितीकांनी लांबून बोहाडा पाहिला असेल, कोण जाणे!

काजव्यांबद्दल तर एका मुलाने दोन पाने लिहिली होती. मेच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, ऐन, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे उतरतात आणि सगळे मिळून एका तालात चमकतात. झाड पेटते, विझते, पेटते. न कळत पाहणाऱ्याची छाती दडपावी असेच ते दृश्य. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते, त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन उजेड पडतो. त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. नर चमकून मादीला बोलावतो. बिचाऱ्याचे बहुतेक आयुष्य मातीत, अळीच्या रूपात, गोगलगायी खाण्यात जाते. पंख फुटल्यावर हातात थोडेच दिवस उरतात.

आणि मग त्या ओळीने सरकणाऱ्या दिव्यांची वही. एक मुलगी एप्रिलपासून पहिल्या तासाला पेंगायची. मी रागावणार होते, तेवढ्यात तिचा निबंध हाती आला. रात्री दोन वाजता उठून ती आईबरोबर विहिरीवर जायची. ड्रायव्हर म्हणाले होते ते "पाण्याला चालल्यात" म्हणजे हे.

मी एकदा त्या मायलेकींबरोबर गेले. यजमान म्हणाले, मीही येतो. म्हटले, चला, पण पाड्यावर थांबा. तीनचा सुमार असेल. पाड्यावरून पायवाट खाली उतरत होती आणि पुढे-मागे पाच-सहा बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर हंडा-कळशी, हातात बॅटरी, एकीने ती पदरात खोचून डोक्याशी बांधलेली. विहिरीच्या तळाशी एवढेसे पाणी. एक जण आत उतरते, झिरपणारे पाणी वाटीने तांब्यात, तांब्याने हंड्यात. एक हंडा भरायला अर्धा-पाऊण तास. बाकीच्या आपापले हंडे रांगेत लावून कडेला बसतात. दिवसा आले तर नंबर लागत नाही आणि उन्हात पाय भाजतात, म्हणून रात्री. पावसाळ्यात इथे शंभर इंचांहून जास्त पाऊस कोसळतो, ही गोष्ट त्या कोरड्या तळाकडे बघून खरी वाटत नाही. काळा कातळ, तीव्र उतार. पाणी येते तसे वाहून जाते. मोखाडा तालुक्यातच मध्य वैतरणा धरण आहे. ते पाणी मुंबईला जाते. डोंबिवलीला माहेरी असताना नळ सोडून गप्पा मारणारी मी, त्या कठड्यावर बसले होते खरी, पण काय बोलावे ते सुचेना.

त्यांनीच बोलणे काढले. तुमच्या दिव्यांना शहरातले लोक वेताळाची पालखी म्हणतात, असे मी सांगितले तेव्हा त्या पोट धरधरून हसल्या. एक मावशी म्हणाली, "पालखीत काय हंडं बसवतात का, बाई?" रात्री भीती नाही वाटत, असे विचारल्यावर मात्र हसणे थांबले. भीती वाटते, विंचवाची, सापाची, पाय घसरण्याची. आणि रस्ता ओलांडताना मोटारींची. दिवे पाहून काही गाड्या मुद्दाम वेगाने काढतात, कर्कश हॉर्न वाजवत जातात, असे त्या म्हणाल्या.

त्याच मावशीने आणखी एक सांगितले. दोन पावसाळ्यांमागे तिच्या सुनेला अवेळी कळा सुरू झाल्या. मोबाइलला रेंज नाही. डोलीत घालून तिला रस्त्यापर्यंत आणले आणि मावशी वळणावर बॅटरी हलवत उभी राहिली. एक गाडी आली, जवळ येऊन थबकली आणि भरधाव निघून गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. चौथा भाजीचा टेम्पो थांबला. बाळंतीण नि बाळ दोघेही सुखरूप जव्हारच्या सरकारी दवाखान्यात पोचले. नातू आता अंगणात पळतो. पण मावशीच्या अंगावर त्या रात्री पांढरे लुगडे होते. ते थबकून पळालेले मोटारवाले आपल्या घरी जाऊन काय सांगत असतील, ते मला ऐकायला येते आहे. घाटातली बाई पाहिली म्हणून शपथेवर सांगत असतील!

म्हणून मला ह्या गोष्टींची आता नुसती गंमत वाटत नाही. नेवाड्यातल्या त्या रस्त्यावर माणसेच नाहीत, तिथे खुशाल तबकड्या उतराव्यात. आमचा रस्ता वस्तीचा आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी, ठाकूर अशी माणसे दोन्ही अंगांना राहतात. जिथे आपल्याला ओसाड अंधार दिसतो तिथे कुणाचे तरी घर आहे, आणि आपण ज्याला भूत म्हणतो त्याच्या हातात बहुधा काहीतरी काम आहे.

ह्या विषयाची आणखी एक काळी बाजू आहे आणि ती बायकांनाच भोगावी लागते. गावात पोर आजारी पडले, गाय मेली, की कुणा एकट्या विधवेकडे बोट दाखवायचे: ही भुताळी आहे, रात्री दिवा घेऊन फिरताना पाहिली. मग मारहाण, गावाबाहेर काढणे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात एखाद्या व्यक्तीवर करणी-चेटकाचा आळ घेऊन तिला छळणे हा गुन्हा ठरला आहे. आपण शहरातल्या बायका काही कुणाला भुताळी म्हणत नाही. पण "तिकडच्या बायका काहीतरी करतात हं" असे कामवालीबद्दल सहज बोलून जातो, ते कुठल्या घरातले बोलणे असते, ह्याचा विचार आपला आपण करावा.

आमचा भाचा आता सुधारला आहे. अगदी तबकड्या सोडल्या नाहीत, पण दिवा दिसला की आधी गाडी थांबवायला लावतो, आपल्या गाडीचे दिवे बंद, मग तो दिवा खरेच हलतो का ते एखाद्या झाडाच्या शेंड्याशी ताडून बघतो. न हललेला बहुधा ग्रह. लुकलुकत सरळ जाणारे, लाल-हिरवे दिवे असलेले विमान. न लुकलुकता सरळ जाऊन मध्येच विझणारा उपग्रह, कारण तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो. मुलांना हा खेळ फार आवडतो. तुम्हीही करून पाहा. मात्र गाडी वळणावर उभी करू नका, रुंद जागा बघा.

यायचे असेल तर दिवसाउजेडी घाट पार करून जव्हारला मुक्काम करावा, आणि काजवे पाहायला रात्री गावातल्याच माहितगार माणसाला बरोबर घेऊन जावे. मेचा शेवटचा आठवडा ते पहिला मोठा पाऊस, हा काळ उत्तम. मुसळधार एकदा सुरू झाली, की काजवे संपले. बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटिनचा कागद लावा, झाडाखाली मोटारीचे दिवे लावू नका, बरणीत काजवे भरू देऊ नका. मुलांना आधी जेवू घाला. घाटात ओकाऱ्या होत असतील तर पोट अगदी रिकामेही नको, अगदी तुडुंबही नको, आणि जवळ लिंबू किंवा आवळासुपारी ठेवा. जुनी पण पूर्ण बाह्यांची कपडे घाला, पायांत बंद बूट.

रात्री वाटेत कुणी हात दाखवला आणि तुम्ही एकट्याच असाल, तर काच खाली करू नका, पण दिवे बारीक करून हळू जा, काय आहे ते बघा आणि रेंज मिळाल्याबरोबर १०८ ला फोन करून जागा सांगा. वळणाजवळचा किलोमीटरचा दगड लक्षात ठेवला म्हणजे रुग्णवाहिकेला सोपे जाते. घरची माणसे बरोबर असतील तर थांबा.

आणि गाडीत एक वीस लिटरचा पाण्याचा कॅन जादा टाका. मेमध्ये पाड्यावर गेलात, की कुणीही असो, तुमच्यापुढे आधी पाण्याचा तांब्या येईल. नाही म्हटले तर त्यांना वाईट वाटते. घोटभर घ्यावे, आणि निघताना कॅन तिथेच ठेवून यावा.